उतारवयातील पुरुषांचे कामस्वास्थ्य

मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या तपासणीसाठी आलेले साठीच्या घरातील गृहस्थ सगळे सांगून होते, औषधांची चिठ्ठी खिशात घालतात, दारापर्यंत जातात आणि मग मागे वळून, आवाज खाली आणून म्हणतात, "आणखी एक विचारायचं होतं, डॉक्टर." वैद्यकीय व्यवसायातील कोणालाही हा प्रसंग नवा नाही. दाराशी विचारला जाणारा हा प्रश्न बहुधा एकच असतो आणि पुष्कळदा त्या दिवशीच्या साऱ्या प्रश्नांमध्ये तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. दुर्दैव असे, की दारापर्यंत जाऊन न विचारताच निघून जाणारे त्याहून अधिक असतात.

'आता या वयात हे कसले चोचले' ही आपल्याकडील सर्वसाधारण धारणा. नातवंडे खेळवावीत, देवदेव करावे, पेन्शन घ्यावी आणि कामवासनेचा विषय निवृत्तीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात बंद करून ठेवावा, अशी पिकल्या केसांकडून समाजाची अपेक्षा असते. ही अपेक्षा परंपरेने घालून दिली आहे, असा आपला समज आहे. वस्तुतः परंपरा इतकी सोवळी नव्हती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'वाजीकरण' हे एक स्वतंत्र अंग आहे आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या पाठोपाठ दुसराच अध्याय त्याचा आहे. तेथे समागमाची वयोमर्यादा सांगताना सोळाच्या आधी नको आणि सत्तरीनंतर नको, असे म्हटले आहे. म्हणजे पन्नाशीत किंवा पासष्टीत ही इच्छा असणे चरकाला विचित्र वाटले नव्हते.

लाजेचा हा मामला केवळ आपल्याच देशातला आहे असेही नाही. अमेरिकेत 57 ते 85 वयोगटातील तीन हजारांवर स्त्री-पुरुषांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. 57 ते 64 या वयातील 73 टक्के, 65 ते 74 या वयातील 53 टक्के आणि 75 च्या पुढील 26 टक्के व्यक्तींचे लैंगिक जीवन चालू होते. ज्यांचे चालू होते, त्या पुरुषांपैकी 37 टक्क्यांना ताठरतेची अडचण होती. मात्र पन्नाशी उलटल्यावर या विषयावर डॉक्टरांशी एकदा तरी बोललेले पुरुष अवघे 38 टक्के निघाले. इतक्या मोकळ्या म्हणविल्या जाणाऱ्या समाजात ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल याची कल्पना करता येते. आणि तरीही मराठी माणसाला हे प्रश्न छापील स्वरूपात विचारण्याची सोय फार पूर्वी एका गृहस्थाने करून दिली होती, हेही विसरता कामा नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, पण कर्वे उत्तरे देतच राहिले.

काय स्वाभाविक, काय आजार?

वयाबरोबर शरीर बदलते तसे कामजीवनही बदलते. विशीत नुसत्या विचाराने येणारी ताठरता पुढे प्रत्यक्ष स्पर्शावाचून येत नाही. ती यायला अधिक वेळ लागतो, तिची दृढता थोडी कमी असते, वीर्याचे प्रमाण आणि स्खलनाचा जोर घटतो. एका समागमानंतर पुन्हा ताठरता येण्यास तरुणाला काही मिनिटे पुरतात, तर साठीनंतर कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागतो. हे सारे केस पिकण्याइतके नैसर्गिक आहे. किंबहुना स्खलन लांबल्यामुळे अनेक जोडप्यांना उतारवयातील समागम अधिक सुखाचा वाटतो. हे बदल ठाऊक नसल्याने एखाद्या रात्रीच्या उशिराला माणूस 'आपले संपले' असे समजतो आणि पुढच्या खेपेस त्या भीतीनेच अपयशी ठरतो.

आजार म्हणावयाचे ते निराळ्या अवस्थेला. समागमास पुरेशी ताठरता येतच नाही, किंवा आली तरी टिकत नाही, आणि असे तीन महिने वा अधिक काळ वारंवार घडते, तेव्हा त्यास ताठरतेचा विकार म्हणतात. पूर्वी वैद्यकातही यास सरसकट 'नपुंसकत्व' म्हणत. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने हा अपमानकारक शब्द टाकून द्यावा, अशी शिफारस केली आणि ती जगभर मान्य झाली. मराठीत मात्र 'नपुंसक' आणि 'षंढ' या दोन शिव्या अजून या रुग्णाच्या मानगुटीवर बसलेल्या आहेत. ताठरता कमी झालेल्या पुरुषाची इच्छा, त्याचे वीर्य, त्याची संप्रेरके, त्याचे पौरुष ही सगळी पुष्कळदा जागच्या जागी असतात. बिघाड असतो तो रक्ताच्या नळकामात.

हा विकार किती जणांना होतो? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1987 ते 1989 या काळात 40 ते 70 वयाच्या सुमारे 1300 पुरुषांची पाहणी झाली. त्यांपैकी 52 टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात ही अडचण होती. ताठरता पूर्णपणे नाहीशी झालेल्यांचे प्रमाण चाळिशीत 5 टक्के, तर सत्तरीत 15 टक्के होते. या आकड्यांचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. सत्तरीतही शंभरातील पंच्याऐंशी पुरुषांच्या बाबतीत ती पूर्णपणे गेलेली नव्हती.

दोन मिलिमीटरची रोहिणी

ताठरता येते कशी, हे समजले की पुढचे सारे उलगडते. शिश्नात स्पंजासारख्या ऊतींच्या दोन लांबट पोकळ्या असतात. एरवी त्यांतील स्नायू आकसलेले असतात आणि रक्त बेताचेच आत येते. मेंदूकडून वा स्पर्शाकडून संदेश आला, की तेथील मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात स्रवतो. त्याच्यामुळे पेशींत 'सायक्लिक जीएमपी' हे द्रव्य तयार होते, स्नायू सैल पडतात, रोहिण्या रुंदावतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. भरलेल्या पोकळ्या बाहेरच्या चिवट आवरणावर दाब देतात. त्या दाबात रक्त परत नेणाऱ्या नीला चेपल्या जातात आणि आत आलेले रक्त आतच कोंडले जाते. थोडक्यात, नळ मोकळा सुटायला हवा आणि मोरीचे बूच घट्ट बसायला हवे. काम झाल्यावर 'पीडीई-5' नावाचे विकर ते द्रव्य नष्ट करते आणि सारे पूर्ववत होते.

म्हणजे यात आकस होण्याऐवजी सैल होणे महत्त्वाचे. चिंताग्रस्त मनुष्याच्या शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि ते हेच स्नायू आकसवून ठेवते. ज्यांना ताठरता 'आणण्याचा' अट्टहास असतो, त्यांच्याकडून ती दूर पळते ती यामुळे.

आता या रोहिण्यांचा आकार पाहा. शिश्नाच्या रोहिणीचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, तर हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीचा तीन ते चार मिलिमीटर. रक्तातील चरबी, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू ही चौकडी शरीरातील सर्व रोहिण्यांचा अंतःस्तर एकाच वेळी खराब करीत असते. नायट्रिक ऑक्साइड कमी होत जातो, भिंती जाड होतात, आत किटण साचते. जो नळ आधीच बारीक, तो आधी तुंबणार, हा साधा हिशेब आहे. म्हणून पुष्कळ हृदयरुग्णांमध्ये ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या आधी येते. हे अंतर साधारणपणे दोन ते पाच वर्षांचे असते, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

या विषयातील खरी गोम येथे आहे. छातीत कळ येण्यापूर्वी कित्येक वर्षे शरीराने दिलेली ही सूचना असते. पन्नाशी-पंचावन्नचा मनुष्य ती 'आता वय झाले' म्हणून किंवा लाजेने दडपून टाकतो. पत्नीपासून तोंड लपवितो, चोरून कसल्या तरी पुड्या खातो आणि तीन वर्षांनी अतिदक्षता विभागात दाखल होतो. ज्या दिवशी त्याने दाराशी घुटमळत न विचारताच पाय काढला, त्या दिवशी रक्तशर्करा, चरबीचे प्रमाण, रक्तदाब आणि हृदयाचा आलेख पाहिला गेला असता, तर त्याचे पुढचे आयुष्य निराळे झाले असते. ताठरतेची नवी तक्रार घेऊन आलेल्या प्रौढ पुरुषाचे हृदय तपासावे, हा आता वैद्यकातील मान्य संकेत आहे.

मधुमेहाचा वेगळा उल्लेख करावयास हवा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींवर गेली आहे. मधुमेह रोहिण्याही खराब करतो आणि मज्जातंतूही. त्यामुळे मधुमेही पुरुषांत हा विकार इतरांच्या तुलनेत दहा-पंधरा वर्षे आधी डोकावतो. कित्येकदा तर मधुमेहाचे निदानच या तक्रारीच्या निमित्ताने होते. तंबाखूबद्दल बोलायचे, तर धूर काढणाऱ्यांनाच काय तो धोका, ही समजूत चुकीची आहे. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखूही रक्तात निकोटिन सोडतेच. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही एसटी स्थानकाच्या कोपऱ्यातल्या भिंती पाहून कळते.

औषधांनीही ताठरता कमी होऊ शकते. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही लघवी वाढविणारी औषधे, काही जुनी बीटा-ब्लॉकर औषधे, नैराश्यावरील अनेक गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिले जाणारे फिनास्टेराइड ही त्यांतली काही नावे. येथे एक सावधगिरीची सूचना अत्यावश्यक आहे. हे वाचून कोणी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. त्याच कामाची दुसरी गोळी बहुधा उपलब्ध असते आणि ती डॉक्टरांनीच बदलून द्यावयाची असते.

मनाचा वाटा

शरीराचा बिघाड की मनाचा, हे ठरविण्यास निसर्गाने एक सोपी खूण ठेवली आहे. निरोगी पुरुषास झोपेत, विशेषतः स्वप्नावस्थेत, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जागे होताना जाणवते ती यांतली शेवटची. पहाटेची ताठरता व्यवस्थित असून केवळ पत्नीजवळ ती नाहीशी होत असेल, तर यंत्रणा शाबूत आहे आणि अडसर मनाचा आहे, असे समजण्यास जागा असते. पहाटेचीही हळूहळू मंदावत गेली असेल, तर कारण बहुधा शारीरिक असते. उतारवयात मात्र दोन्ही कारणे हातात हात घालून येतात. रोहिणी किंचित खराब झालेली असते, एक-दोनदा अपयश येते आणि मग भीती उरलेले काम करते. अमेरिकन संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी या अवस्थेचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे. पुरुष समागमात रमण्याऐवजी त्रयस्थ प्रेक्षकासारखा स्वतःची परीक्षा पाहात बसतो आणि परीक्षेत नापास होतो.

आपल्याकडे या भीतीला आणखी एक फोडणी असते. तारुण्यात 'वीर्यनाश' केला त्याची ही शिक्षा, ही समजूत साठीतल्या सुशिक्षितांच्या मनातही घर करून असते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्येच या चिंतेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले होते. वीर्य हा साठवून ठेवण्याचा ऐवज नाही. ते शरीरात सतत तयार होते आणि तरुणपणीच्या हस्तमैथुनाचा उतारवयातील ताठरतेशी काडीचा संबंध नाही.

गोळीचे गुण आणि तिची जीवघेणी बाजू

1980 मध्ये अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले, की रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून तिला सैल करणारा काही तरी पदार्थ स्रवतो. हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे 1986 मध्ये त्यांनी आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचविले. त्याआधी 1977 मध्ये फेरिड म्युराड यांना आढळले होते, की हृदयविकारात शंभर वर्षे वापरले जाणारे नायट्रोग्लिसरिन याच वायूच्या द्वारे काम करते. या तिघांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरिन वापरून गर्भश्रीमंतांनाही लाजवील इतका पैसा मिळविलेल्या आल्फ्रेड नोबेल यांना त्यांच्या अखेरच्या वर्षांत हृदयासाठी हेच द्रव्य औषध म्हणून सुचविण्यात आले होते आणि त्यांनी ते नाकारले होते, हा एक गमतीदार योगायोग.

त्याच वर्षी, 27 मार्च 1998 रोजी, सिल्डेनाफिल या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले ते हृदयविकारासाठी. छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसेना. पण चाचणीत भाग घेतलेल्या स्वयंसेवकांनी एक वेगळाच परिणाम कळविला आणि औषधाचे नशीब पालटले. 'व्हायग्रा' हे त्याचे व्यापारी नाव आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. टॅडालाफिल हे त्याच गटातील औषध 2003 मध्ये अमेरिकेत आले. भारतीय कंपन्यांनीही ही औषधे बनविल्यामुळे आपल्याकडे ती स्वस्तात मिळतात.

ही औषधे वर सांगितलेल्या पीडीई-5 विकरास अडवितात, म्हणजे तयार झालेले सायक्लिक जीएमपी अधिक काळ टिकते. नायट्रिक ऑक्साइड स्रवला तरच पुढचे घडणार. म्हणून गोळी घेऊन वर्तमानपत्र वाचीत बसल्यास काही होत नाही; इच्छा आणि स्पर्श लागतोच. गोळी इच्छा निर्माण करीत नाही, सवय लावीत नाही आणि मूळ विकार बराही करीत नाही. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यावे लागते आणि तेलकट, जड जेवणावर घेतल्यास ते उशिरा लागू पडते. टॅडालाफिलचा परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहू शकतो. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, आम्लपित्त हे नेहमीचे त्रास. अचानक दृष्टी गेली, किंवा ताठरता चार तासांहून अधिक राहिली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

परंतु या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती पुढची ठेवावी. ज्यांना हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषधे चालू आहेत, त्यांनी ही गोळी कदापि घेऊ नये. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी, नायट्रोग्लिसरिनचा फवारा वा पट्टी, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ही सर्व या गटातली. कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. एक औषध नायट्रिक ऑक्साइडचा पुरवठा वाढविते, दुसरे त्याचा परिणाम ओसरू देत नाही. दोन्ही एकत्र आली, की शरीरभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. आपल्याकडे अनेक घरांत सॉर्बिट्रेटची पट्टी 'असू द्यावी' म्हणून ठेवलेली असते आणि छातीत दुखले की शेजारीसुद्धा ती जिभेखाली सारतात. सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून 48 तास नायट्रेट देता येत नाही. तेव्हा गोळी घेतलेली असताना छातीत दुखू लागले, तर 108 च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना ती घेतल्याचे सर्वांत आधी सांगावे. घरात पत्नीला याची माहिती असणे म्हणूनच गरजेचे आहे. लपवून घेतलेल्या गोळीचा हा धोका असतो, की सांगण्याची वेळ येते तेव्हा ज्याला ठाऊक असते तो बेशुद्ध असतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी औषधे घेणाऱ्यांनाही या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. त्यांनी कमी मात्रेपासून आणि सल्ल्यानेच सुरुवात करावी. सिल्डेनाफिल हे कायद्याने चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे; औषधदुकानदाराच्या ओळखीवर ते घेणे शहाणपणाचे नाही.

भिंतीवरचे वैद्य

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ज्यांची नावे रंगविलेली असतात, त्या 'गुप्तरोग विशेषज्ञां'चा धंदा नेमका या लाजेवर चालतो. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार लैंगिक सामर्थ्य वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. सत्तर वर्षांत भिंती मात्र कोऱ्या झालेल्या नाहीत. पदपथावर मिळणारे सांड्याचे तेल हे वाळवंटातल्या काटेरी शेपटीच्या सरड्याची चरबी कढवून काढतात. त्याने ताठरतेत तिळमात्र फरक पडत नाही; त्या बापड्या प्राण्याचा, जो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, जीव तेवढा जातो. याहून धोकादायक प्रकार म्हणजे 'शंभर टक्के वनौषधी' अशी चिठ्ठी लावलेल्या पुड्या. अशा अनेक उत्पादनांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेले असते, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेळोवेळी उघडकीस आणले आहे. ज्याला सॉर्बिट्रेट चालू आहे आणि जो 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणून ही पुडी घेतो, त्याच्यावर काय प्रसंग ओढवेल हे वर आलेच आहे.

पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने हा याच बाजाराचा पांढरपेशा भाग. टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते, पण बहुतेकांच्या बाबतीत ते पुरेसे राहते. ताठरतेच्या विकाराचे ते प्रमुख कारण नव्हे. इच्छाच मालवली असेल, थकवा असेल, तर सकाळच्या वेळी, दोन निरनिराळ्या दिवशी रक्त तपासून मगच ठरवावे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत या उपचाराने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, ही दिलाशाची गोष्ट; मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाण अधिक आढळले. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांना हे इंजेक्शन धोक्याचे ठरू शकते.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेविषयीही गैरसमज फार. लघवी अडते म्हणून दुर्बिणीतून केलेल्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर ताठरता बहुधा कायम राहते. वीर्य मात्र बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि लघवीवाटे निघून जाते. हे आधी सांगितलेले नसल्यास रुग्ण हबकतो. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तिला चिकटून जाणारे मज्जातंतू वाचविण्याची पद्धत अमेरिकन शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये रूढ केली. तरीही त्यानंतर ताठरता परत यायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, कधी ती येतही नाही. गोळ्या लागू न पडणाऱ्यांसाठी निर्वात पंप, शिश्नात टोचून घ्यावयाचे इंजेक्शन आणि अखेरीस शस्त्रक्रियेने बसविण्याची कृत्रिम दांडी, असे पर्याय आहेत. भारतीय बनावटीची दांडी परदेशी साधनापेक्षा बरीच स्वस्त पडते.

मात्र या साऱ्यांच्या आधी येणारा उपाय फुकटचा आहे. इटलीतील 110 लठ्ठ पुरुषांवरील अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्यांना दोन वर्षे आहार आणि व्यायामाचे काटेकोर मार्गदर्शन मिळाले. औषधाची एकही गोळी न घेता त्या 55 जणांपैकी 17 जणांची ताठरता पूर्ववत झाली. उरलेल्या निम्म्यांत हे केवळ तिघांच्या बाबतीत घडले. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे, पोटाचा घेर कमी करणे, तंबाखू सोडणे आणि मद्य आवरणे यांनी जे हृदयाचे होते, तेच येथेही होते.

पत्नीची बाजू

या विषयावरील चर्चा पुरुषाभोवतीच घुटमळते, हा तिचा दोष आहे. पतीने अपयशाच्या भीतीने जवळ येणे टाळले, की पत्नीचा समज होतो, 'मी आता यांना नकोशी झाले'. तो दिवाणखान्यात दूरदर्शनसमोर झोपू लागतो, ती नातीला घेऊन आत झोपते आणि दोघेही आपापल्या मनाशी दुसऱ्याला दोष देत राहतात. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो आणि समागम दुखू लागतो. ती ते बोलत नाही, नकार तेवढा देते. अशा वेळी पतीला गोळी देऊन घरी पाठविणे म्हणजे अर्धाच उपचार, किंबहुना पत्नीवर अन्याय. पाण्यावर आधारित वंगण किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेले इस्ट्रोजेनचे मलम यांनी तिचा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून शक्य असेल तेव्हा दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. दोन खोल्यांच्या घरात मुलगा, सून आणि नातवंडे असताना एकान्त ही गोष्ट कोणत्याही गोळीपेक्षा दुर्मीळ असते, हेही उपचार करणाऱ्याने विचारात घ्यावे. आणि दोघांनीही समाधानाने हा अध्याय मिटवायचे ठरविले असेल, तर तो काही आजार नव्हे. त्यावर कोणी उपचार लादू नयेत.

विधुरांचा प्रश्न याहून अवघड. कित्येक वर्षांच्या खंडानंतर पुनर्विवाह केलेल्या पुरुषास सुरुवातीचे काही महिने ताठरता येत नाही, असे अनेकदा घडते. गेलेल्या पत्नीविषयीची अपराधी भावना आणि नवेपणाचे दडपण या दोन्ही गोष्टी कालांतराने निवळतात. गर्भधारणेची भीती नसली, तरी नव्या संबंधात निरोधचा वापर करावा. लैंगिक संसर्ग वय विचारून होत नाहीत.

हृदयविकाराच्या झटक्यातून बरे झालेल्यांच्या मनात एकच धास्ती असते, ती म्हणजे समागमात पुन्हा झटका येईल. समागमाचा हृदयावरील ताण साधारणपणे दोन जिने न थांबता चढण्याइतका असतो. एवढे करताना छातीत दुखत नसेल आणि दम लागत नसेल, तर बहुतेकांना काही आठवड्यांनंतर परवानगी मिळते. ती डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावी. विचारताना चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी, अगदी मित्राने दिलेल्या पुडीसकट, सोबत न्यावी, पहाटेची ताठरता कशी आहे हे सांगावे, तक्रार केव्हापासून आहे ते सांगावे. आणि हे सर्व खुर्चीवर बसल्याबसल्या, भेटीच्या सुरुवातीसच सांगावे.